आत्म्यांची पाठशाळा : आद्य ख्रिस्ती विचारातील आत्मिक वाढ आणि अहमदनगरची ख्रिस्ती परंपरा

इ. स. १८८६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अँडोव्हर येथील धर्मशास्त्र-विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. त्या मेळाव्यात हिंदुस्थानातून रजेवर आलेल्या एका मिशनऱ्याचे भाषण झाले. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १८४७ साली मुंबईत झाला होता आणि १८७४ पासून ते अहमदनगर येथे काम करीत होते. ज्या माणसांच्या कानी ख्रिस्ताचे नाव या आयुष्यात पडलेच नाही, त्यांच्या आत्म्यांना मृत्यूनंतर ती संधी मिळेल, अशी आशा बाळगण्यास ख्रिस्ती मनुष्याला मोकळीक असावी, या मताविषयी त्यांनी आपल्या भाषणात सहानुभूती व्यक्त केली. भाषण फार मोठे नव्हते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना हिंदुस्थानात पाठविले होते त्याच्या कार्यकारी समितीने त्यांना परत पाठविण्यास दिरंगाई केली. त्याच वर्षी डे मॉइन येथे भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेत या मताचा कडाक्याचा वाद झाला. १८८७ साली ह्यूम यांना अखेर अहमदनगरला परतण्याची परवानगी मिळाली.

हा वाद अमेरिकन धर्मशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. अहमदनगरच्या बौद्धिक इतिहासात मात्र त्याची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न अहमदनगरसारख्या ठिकाणीच जिवंत होता. न्यू इंग्लंडमधील खेडेगावातल्या ख्रिस्ती माणसाचे आजोबा आणि पणजोबाही ख्रिस्तीच होते. नेवासे किंवा राहुरी तालुक्यातील नवख्रिस्ती माणसाचे तसे नव्हते. आपण वाचलो आणि आपला बाप मात्र बुडाला, असे ज्या उपदेशातून निष्पन्न होते तो उपदेश त्याने कोणत्या तोंडाने स्वीकारावा? या प्रश्नाचे उत्तर आत्म्याच्या स्वरूपाविषयी आपण काय मानतो यावर अवलंबून आहे. आत्म्याचे भवितव्य एका क्षणी ठरते, की त्याची वाढ ही दीर्घकाळ चालणारी गोष्ट आहे? ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार-पाच शतकांत दुसऱ्या पक्षाचा विचार किती खोलवर झाला होता, आणि तो विचार अहमदनगरात दोन अगदी भिन्न वाटांनी कसा प्रकट झाला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आत्मिक वाढीची कल्पना नव्या करारातच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल आपल्या वाचकांना तान्ह्या बाळांची उपमा देतो व त्यांना जड अन्न न देता दूध पाजल्याचे सांगतो. इफिसकरांस पत्रात प्रौढ मनुष्यपणाची मर्यादा गाठण्याविषयी तो बोलतो, आणि फिलिप्पैकरांस पत्रात आपण अद्याप पूर्ण झालेलो नाही, पुढच्या गोष्टींकडे झेपावत आहो, अशी कबुली देतो. या विखुरलेल्या सूचनांना विचाराची बांधणी दिली ती दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ल्योनचे बिशप आयरेनियस यांनी. सर्वसमर्थ देवाने मनुष्याला आरंभीच परिपूर्ण का निर्माण केले नाही, असा आक्षेप त्यांच्यासमोर होता. पाखंडी मतांचे खंडन करणाऱ्या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्यांनी त्याचे उत्तर दिले आहे. आई तान्ह्या मुलाला मोठ्यांचे अन्न देऊ शकते, पण मूल ते पचवू शकत नाही. त्याचप्रमाणे निर्माण झालेली वस्तू, ती निर्माण झालेली आहे एवढ्याच कारणाने, आरंभी अपूर्ण असते व तिला पूर्णत्व काळाच्या ओघात घ्यावे लागते. आदाम हा त्यांच्या दृष्टीने परिपक्व अवस्थेतून कोसळलेला पुरुष नसून अजाणतेपणी वाट चुकलेले मूल आहे. पापाची जबाबदारी यामुळे नाहीशी होत नाही, परंतु देवाचे मनुष्याशी असलेले नाते प्रामुख्याने शिक्षकाचे ठरते.

हा शिक्षक अलेक्झांड्रियात अधिक स्पष्टपणे दिसू लागतो. क्लेमेंट (सुमारे इ. स. १५०–२१५) यांच्या तीन मुख्य ग्रंथांपैकी पहिला बाहेरच्या माणसाला बोलावतो, दुसरा बोलावून आणलेल्याच्या आचरणाला वळण लावतो आणि तिसरा वळण लागलेल्याला ज्ञानाकडे नेतो. दुसऱ्या ग्रंथाचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून पडले आहे त्याचा मूळ अर्थ, मुलाला हाताशी धरून शाळेपर्यंत नेणारा घरचा गुलाम, असा आहे. ख्रिस्ताला हे नाव देताना क्लेमेंट यांना काहीही संकोच वाटला नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्यांच्या तिसऱ्या ग्रंथाचा सहावा खंड अधिक महत्त्वाचा आहे. ख्रिस्ताने मृतांच्या अधोलोकात जाऊन तेथील आत्म्यांस सुवार्ता सांगितली, अशा अर्थाचा उल्लेख पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. क्लेमेंट त्याचा विस्तार करतात आणि ख्रिस्तापूर्वी होऊन गेलेल्या सज्जन ग्रीकांनाही तेथे संधी मिळाली असली पाहिजे, असा युक्तिवाद करतात. देव न्यायी असेल तर केवळ कालक्रमाच्या अपघाताने तो कोणाला वगळणार नाही, हे त्यामागचे तत्त्व. अहमदनगरच्या नवख्रिस्ती माणसाचा प्रश्न अशा रीतीने सतराशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात विचारला गेला होता, आणि तोही ज्यांचे पूर्वज मूर्तिपूजक होते अशाच माणसांकडून.

क्लेमेंटनंतरचे ऑरिजेन (सुमारे १८५–२५३) यांनी या विचाराला जे विशाल रूप दिले त्याला आद्य ख्रिस्ती वाङ्मयात तोड नाही. मृत्यूनंतर पुण्यवंतांचे आत्मे प्रथम एका शिक्षणस्थानी, आत्म्यांच्या पाठशाळेत, राहतात. तेथे त्यांना पृथ्वीवर पाहिलेल्या गोष्टींची कारणे समजावून दिली जातात आणि मग ते एकेक लोक ओलांडीत वर जातात, असे त्यांनी आपल्या मूलतत्त्वांवरील ग्रंथात म्हटले आहे. देवाचा अग्नी जाळून टाकणारा नसून वैद्याच्या डागणीसारखा आहे, अशीही त्यांची धारणा होती. गणनेच्या पुस्तकावरील सत्ताविसाव्या प्रवचनात त्यांनी मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांच्या बेचाळीस मुक्कामांची यादी घेतली आहे. वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटावी अशीच आहे. पण ऑरिजेन प्रत्येक ठिकाणाच्या नावाचा अर्थ लावतात व तो मुक्काम म्हणजे आत्म्याच्या वाढीची एक पायरी ठरवतात. कोठे मोहाचा मुक्काम आहे, कोठे विसाव्याचा, आणि विसाव्यानंतर पुन्हा उन्हातली वाट आहे. पालख्यांच्या मुक्कामांची नावे ज्यांच्या घरी पाठ असतात त्या महाराष्ट्रीय वाचकाला या प्रवचनाचे मर्म सहज उमगेल. पुढे इ. स. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेच्या वेळी ऑरिजेनच्या नावाशी जोडलेली मते धिक्कारली गेली आणि त्यांच्या ग्रंथांपैकी पुष्कळसा भाग मूळ ग्रीकमधून नाहीसा झाला.

निस्सा येथील ग्रेगरी (सुमारे ३३५–३९५) यांचे वैशिष्ट्य निराळे आहे. ग्रीक तत्त्वज्ञानात बदल हे अपूर्णतेचे चिन्ह मानले जात असे. जे श्रेष्ठ ते अचल. ग्रेगरी म्हणतात की, देव अचल आहे हे खरे, पण आत्मा निर्माण झालेला असल्यामुळे तो बदलणारच, आणि ही बदलण्याची शक्ती हेच त्याचे पंख आहेत. मोशेच्या चरित्रावरील त्यांच्या ग्रंथात आत्मा प्रथम प्रकाशात, मग मेघात आणि शेवटी अंधारात देवाला भेटतो. जसजसे जवळ जावे तसतसे देवाचे अथांगपण अधिक कळत जाते, असा त्याचा अभिप्राय. देव अनंत असल्यामुळे त्याच्या दिशेने होणारी वाढही संपत नाही, स्वर्गातही नाही. आत्मा व पुनरुत्थान या विषयावरील त्यांच्या संवादात सिद्धान्त मांडण्याचे काम त्यांनी आपली मरणासन्न बहीण मॅक्रिना हिच्याकडे दिले आहे, आणि तेथे ग्रेगरी स्वतः शिष्याच्या जागी बसले आहेत. मिसरच्या वाळवंटातील तपस्व्यांचे अनुभवशास्त्र, विशेषतः इव्हाग्रियस यांनी सांगितलेले आठ दुष्ट विचार, याच परंपरेतले. आपल्याकडील षड्रिपूंशी त्यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण तो स्वतंत्र विषय आहे.

पाश्चात्त्य मंडळीत हा प्रवाह थांबला असे नाही, परंतु त्याचा जोर दुसरीकडे वळला. ऑगस्टीन यांनी इ. स. ३८८ च्या सुमारास आत्म्याच्या सात पायऱ्यांचे वर्णन केले होते. तथापि पुढे पेलेजियसशी झालेल्या वादात मूळ पाप आणि देवाची कृपा हे प्रश्न त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी आले. धर्मसुधारणेनंतर प्युरिटन पंथाने हाच वारसा उचलला. १८१३ साली मुंबईत व १८३१ साली अहमदनगरात आलेले अमेरिकन मिशनरी त्या वंशावळीतले होते. त्यांच्या दृष्टीने आत्म्याच्या इतिहासात दोन क्षण निर्णायक होते : अंतःकरण पालटण्याचा आणि मृत्यूचा. दुसरा क्षण पहिल्याच्या आधी आला तर सर्व संपले, आणि म्हणूनच समुद्र ओलांडून येण्याची घाई. प्युरिटनांना वाढीची कल्पनाच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचा हरी केशवजी यांनी केलेला ‘यात्रिकक्रमण’ हा अनुवाद १८४१ सालीच मराठीत आला होता, आणि ती कथा तर पावलापावलाच्या प्रवासाचीच आहे. पण तो यात्रेकरू आपल्या बायकामुलांना मागे टाकून, कानांत बोटे घालून धावत सुटतो. एकत्र कुटुंबातल्या मराठी वाचकाला कथेचा हा आरंभ कसा वाटला असेल याची कल्पना करावी.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातही तो दडलेला आहे. आत्म्याची वाढ हा शब्दप्रयोग मराठीत खरे तर खटकावयास हवा. अहमदनगर जिल्ह्यातच, प्रवरेच्या काठी नेवासे येथे, शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या दुसऱ्या अध्यायापासून मराठी मनावर जे बिंबले आहे ते हे की, आत्मा जन्मत नाही, मरत नाही, वाढत नाही व क्षीण होत नाही. वाढ, शुद्धी, बंधन आणि मुक्ती यांची भाषा जीवाला लागू पडते. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी ग्रीकमधील प्राणवाचक शब्दासाठी बहुधा ‘जीव’ आणि देवाच्या श्वासाचा बोध करणाऱ्या शब्दासाठी ‘आत्मा’ हे शब्द योजले. परिणामी पवित्र आत्मा या संज्ञेत एक अर्थ, माणसाचा आत्मा या प्रयोगात दुसरा आणि श्रोत्याच्या कानात वेदान्तातला तिसरा, अशी तिहेरी अवस्था झाली. ‘नव्या जन्मा’चेही तसेच. योहानाच्या शुभवर्तमानातील ही कल्पना सांगताना उपदेशकाला पहिली दहा मिनिटे तो पुनर्जन्म नव्हे हे सांगण्यातच घालवावी लागत असली पाहिजेत. अमेरिकन मिशनचे वडाळा येथील ठाणे नेवासे तालुक्यातलेच. ज्ञानेश्वरांच्या शब्दांनी घडलेल्या श्रोत्यांपुढे ग्रेगरीचा सिद्धान्त मांडावयाचा झाला असता तर तो आत्म्याच्या नव्हे, जीवाच्या भाषेतच मांडावा लागला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आणि त्या भाषेत पायऱ्यांची कल्पना तयार होती. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक व सिद्ध अशी चार लक्षणे सांगितली आहेत. आरंभ करणारा, पुढे जाणारा आणि पूर्ण झालेला, हे ग्रीक लेखकांचे वर्गीकरण त्यांच्यापासून फार दूर नाही. फरक शेवटच्या पायरीत आहे. समर्थांचा सिद्ध पोहोचलेला असतो. ग्रेगरीच्या मते पोहोचणे हेच पुढच्या वाटचालीचे निमित्त.

आता ह्यूम यांच्याकडे वळू. अँडोव्हरच्या अध्यापकांनी जो नवा विचार मांडला त्यात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डॉर्नर यांचा वाटा मोठा होता. तथापि त्याच सुमारास अमेरिकेत ग्रीक धर्मपित्यांविषयी नवा आदर उत्पन्न झाला होता, आणि अँडोव्हरच्या पक्षाचे एक पुढारी एगबर्ट स्मिथ हे तेथे ख्रिस्तमंडळीच्या इतिहासाचेच अध्यापक होते. त्यांना पदच्युत करण्याचा निर्णय १८८७ साली झाला, आणि पुढे तो न्यायालयात टिकला नाही. ऑरिजेनची पाठशाळा अशा आडवळणाने न्यू इंग्लंडमध्ये आणि तेथून नगरात आली. ह्यूम यांनी तिचा गाजावाजा केला नाही. परतल्यावर ते १८७८ मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगरच्या धर्मशिक्षण-विद्यालयाचे काम पाहू लागले व १९२६ पर्यंत नगरातच राहिले. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिशन्स फ्रॉम द मॉडर्न व्ह्यू’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की, मिशनरी येण्यापूर्वीही देव हिंदू समाजात कार्य करीतच होता. ज्या मताने त्यांची नोकरी धोक्यात आणली होती त्याचा हा पिकलेला अवतार म्हणता येईल. मृत्यूनंतरची संधी हा मुद्दा येथे मागे पडला आहे आणि मृत्यूपूर्वीच, ख्रिस्ताचे नाव न घेताही चाललेले शिक्षण पुढे आले आहे.

परंतु वाढीच्या सिद्धान्ताला एक दुसरी बाजू आहे, आणि नगर जिल्ह्याच्या इतिहासात ती झाकून चालणार नाही. जो वाढतो तो आज लहान आहे, हे वाढीच्या कल्पनेतच गृहीत असते. तो लहान आहे हे ठरवावयाचे कोणी? १८७६-७७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या काळात व त्यानंतर जिल्ह्यातील मांग व महार समाजांतील पुष्कळ कुटुंबे मंडळीत आली. त्यांच्यापुढे आत्म्याच्या पायऱ्यांपेक्षा भाकरीचा, शाळेचा आणि गावकीतल्या अपमानाचा प्रश्न मोठा होता, आणि त्या प्रश्नांना कमी आध्यात्मिक समजण्याचा अधिकार अभ्यासिकेत बसलेल्या आपणा कोणालाही नाही. काँग्रिगेशनल पंथाच्या तत्त्वाप्रमाणे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंशासित असावयास हवी. प्रत्यक्षात पाळकांचे वेतन पुष्कळ ठिकाणी मिशनच्या पैशावर अवलंबून होते, आणि पैशाबरोबर निर्णयही परदेशी हातांत राहत असे. एतद्देशीय मंडळी अद्याप बाल्यावस्थेत आहे, तिला चालावयास शिकवले पाहिजे, ही भाषा त्या काळच्या मिशनरी लेखनात सर्वत्र आढळते. ती सद्हेतूनेच वापरली जात असे. पण बाल्यावस्था कधी संपली हे पालकानेच ठरवावयाचे असेल तर ती सहसा संपत नाही.

क्लेमेंट यांना हा धोका दिसला होता. त्यांच्या काळी ज्ञानवादी पंथांचे लोक स्वतःला पूर्ण व सामान्य ख्रिस्ती माणसांना दूध पिणारी बालके समजत. आपल्या दुसऱ्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात क्लेमेंट या भेदावर तुटून पडतात. बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण देवाचे मूल आहे व त्या अर्थाने पूर्णही आहे. दूध हे हलक्या दर्जाचे अन्न नव्हे, ज्या द्रव्याने शरीर बनते तेच ते द्रव्य आहे. याच ओघात ते ख्रिस्ताला पित्याच्या स्तनातील दूध म्हणतात. पाश्चात्त्य वाचकाला ही प्रतिमा विचित्र वाटत आली आहे. विठोबाला माउली म्हणणाऱ्या प्रदेशात ती कोणालाही विचित्र वाटू नये.

आणि हीच प्रतिमा, क्लेमेंटच्या ग्रंथाचा दूरान्वयानेही संबंध नसता, अहमदनगरात उगवली. नारायण वामन टिळक यांचा जन्म कोकणातील करजगावचा. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याने दिलेला नवा करार वाचून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने भारून जाऊन, त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो रेव्हरंड तुकाराम नाथोजी या भारतीय पाळकाच्या हस्ते घेतला, ही गोष्ट सहज घडलेली नाही. त्यानंतर त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यात गेला : नगरच्या विद्यालयात अध्यापन, राहुरीचे वास्तव्य, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन. ज्ञानोदय हे पत्र १८४२ साली निघाले तेही अहमदनगरातूनच. टिळक व ह्यूम हे अशा रीतीने एकाच संस्थेतील सहकारी होते. दोघांच्या विचारांची दिशा मिळतीजुळती होती, पण टिळकांनी ती अँडोव्हरकडून घेतली नव्हती. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हे विधान भावनेचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्यात एक सिद्धान्त आहे. पूल ओलांडल्यावर तो मागे मोडून टाकावयाचा नसतो, आणि पुलावर टाकलेली पावले प्रवासाचाच भाग असतात. देहूच्या वाण्याची भक्ती ही ख्रिस्ताच्या शाळेतील आधीची इयत्ता ठरते. तेथे शिकलेले फुकट जात नाही. क्लेमेंट यांनी ग्रीक तत्त्वज्ञानाविषयी नेमका हाच दावा केला होता : यहुद्यांना जसे नियमशास्त्र, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान, ख्रिस्तापर्यंत हाताला धरून आणणारे.

टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त माता आणि गुरू अशा दुहेरी रूपाने येतो, आणि ही जोडी महत्त्वाची आहे. गुरूपाशी शिष्याची इयत्ता वाढते. आईपाशी मुलाचे वय वाढले तरी नाते तेच राहते. अभंगाच्या या रूपात वाढ आहे, परंतु लहानपणाचा कमीपणा नाही. शिवाय ज्याच्याशी हे नाते जुळले आहे तो मिशनरी नव्हे, ख्रिस्त आहे. परदेशी मिशन आणि एतद्देशीय मंडळी यांच्यातील पालक-पाल्य संबंधाविरुद्ध टिळकांनी वारंवार लिहिले. त्या लेखनाचा राजकीय भाग नेहमी चर्चिला जातो. त्याच्या मागे ही भक्तिशास्त्रीय भूमिका होती, हे त्यांचे अभंग व लेख शेजारी ठेवून वाचल्यावाचून कळत नाही. उपासनेच्या गीतांत हा अर्थ सर्वसामान्य माणसांपर्यंत पोहोचला. त्याला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची जमीन अगोदरच तयार केली होती. हेन्री बॅलेंटाइन यांची आधीच्या पिढीतील गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती, आणि रविवारच्या उपासनेत ती गायिली जातच राहिली. पण शेतात काम करताना ओठांवर येण्यासाठी वेगळी लय लागते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुमंडळ आरंभिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात येऊ शकत होते. मिशनमधील अनेकांना ही तत्त्वाला मुरड वाटली. येथे आद्य मंडळीचा एक प्रघात आठवतो. रोममधील म्हणून समजल्या जाणाऱ्या तिसऱ्या शतकातील एका विधिग्रंथात बाप्तिस्म्यापूर्वी तीन वर्षे शिक्षण घेण्याचा नियम आहे. हे शिकाऊ लोक प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर जात, तरी त्यांची गणना एका अर्थी ख्रिस्ती म्हणूनच होई. उंबरठ्यावर उभे राहण्याला त्या काळी एक मान्य स्थान होते. पुढे तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे रूढ झाले तसे ते स्थान नाहीसे झाले, आणि प्युरिटनांच्या सभासदत्वाच्या कल्पनेतही ते परत आले नाही. टिळकांनी ते परत आणले, परंतु एका फरकाने. आद्य मंडळीत उंबरठ्यावरचा माणूस केव्हातरी आत येईल असे गृहीत होते. दरबारात तशी मुदत नव्हती. हा फरक लहान नाही, आणि या बाबतीत टिळकांचे पाऊल धर्मपित्यांच्या पुढे पडले असे म्हणावे की त्यांच्यापासून दूर गेले असे म्हणावे, याविषयी मतभेद राहणारच. प्रस्तुत लेखकाचा कल पहिल्या बाजूकडे आहे. ज्याची वाढ अनंत आहे असे मानले त्याच्या एका विशिष्ट पायरीवर दरवाजा बसविणे कठीणच. दरबाराला काळाने फार अवधी दिला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

टिळकांचे चरित्र १९२३ साली इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन पंथाचे. त्यांनी १९२२ साली अहमदनगरातच ख्रिस्तसेवा संघाची स्थापना केली. आश्रमाच्या पद्धतीने राहणारा हा संघ १९२८ मध्ये पुण्यास गेला. त्याचे एक सभासद व्हेरियर एल्विन, जे पुढे मानवशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांनी १९३० साली ख्रिस्ती ध्यानावर पुस्तक लिहिले, आणि त्यासाठी चौदाव्या शतकातील जो इंग्रजी ग्रंथ आधाराला घेतला त्याची परंपरा मागे नेत गेल्यास निस्साच्या ग्रेगरीने सांगितलेल्या अंधारापर्यंत जाता येते. धर्मपित्यांचा पोथीतला वारसा असा तिसऱ्या वाटेनेही नगराला स्पर्शून गेला. त्याचा प्रभाव सुशिक्षित वर्तुळापुरताच राहिला.

आत्मिक वाढीचा सिद्धान्त सोडून त्या वाढीचा प्रत्यक्ष वृत्तान्त शोधू लागलो तर अहमदनगरच्या परंपरेत सर्वांत मौल्यवान साधन लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हेच आहे. त्यांचे प्रकाशन १९३४ पासून सुरू झाले. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई कित्येक वर्षे सोवळ्यातच होत्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी. या काळाची जी हकीकत त्या सांगतात तीत आकाशातून पडलेला प्रकाश नाही. एक एक गोष्ट सुटते : आधी कोणाच्या हातचे पाणी, मग कोणाच्या पंक्तीचे जेवण, मग मनातली शिसारी. मध्येच जुने संस्कार पुन्हा उसळतात आणि त्या स्वतःलाच हसतात. जातिभेद देवाने केलेला नाही असे बुद्धीला पटणे ही एक पायरी होती व हात पुढे करणे ही दुसरी, आणि दोहोंमधले अंतर त्यांनी लपविलेले नाही. ऑरिजेनच्या बेचाळीस मुक्कामांत कोठे मागे वळण्याचाही मुक्काम येतो; लक्ष्मीबाईंच्या हकीकतीत असे मुक्काम पुष्कळ आहेत. त्यांना शालेय शिक्षण नव्हते, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. टिळकांनी ओवीबद्ध लिहावयास घेतलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनामुळे आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी वृद्धापकाळी अंगावर घेतले व १९३६ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील बहुतांश अध्याय त्यांच्या हातचे होते.